खिडकी आणि उंबरठा

लिगुरियाच्या किनाऱ्यावर सगळ्यांत महाग वस्तू कुठली असेल, तर ती सपाट जमीन. फ्रान्सच्या सीमेपासून ला स्पेत्सियाच्या पलीकडपर्यंत आल्प्स आणि अपेनाइन्सचे डोंगर जवळजवळ समुद्रातच पाय सोडून बसले आहेत. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, रेल्वे, ऑलिव्हची झाडं, लिंबांच्या बागा आणि माणसं दाटीवाटीने राहतात. आडवं पसरायला जागा नाही, म्हणून गावं उभी वाढली. फोटोत ती इतकी देखणी का दिसतात, याचं उत्तर या उभेपणात आहे. आणि पाच माणसांच्या कुटुंबाने इथे मुक्काम कुठे करावा हा प्रश्न अवघड का, याचंही.

या किनाऱ्याच्या मधोमध जेनोव्हा. तिच्या पश्चिमेचा तो पोनेंते, पूर्वेचा तो लेवांते. आम्ही लेवांते घ्यायचं ठरवलं ते एकमताने; त्यापुढे एकमत संपलं. नवऱ्याला वेर्नात्सा हवं होतं, कारण त्याच्या ऑफिसातल्या संगणकावर कित्येक वर्षं तेच गाव झळकत होतं. थोरलीला बाल्कनी आणि इंटरनेट हवं होतं. धाकट्याला घराच्या दारात समुद्र. मला जवळ भाजीबाजार. सासूबाईंनी आपलं म्हणणं सर्वांत थोडक्यात मांडलं: जिने नकोत आणि चूल हवी. त्या वेंगुर्ल्याच्या. समुद्र बघायला विमानाने इतक्या लांब जायचं ही कल्पनाच मुळात त्यांना थोडी गमतीची वाटत होती.

घरं शोधताना एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक घराचा पहिला फोटो खिडकीचा असतो. निळं पाणी, हिरवी झडप, कठड्यावर कुंडी. दाराचा फोटो कोणी टाकत नाही. दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, हे तर विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. शेवटी असं ठरलं, की आधी थोडे दिवस कामोलीला राहायचं आणि मोठा मुक्काम किनारा डोळ्यांनी बघून ठरवायचा. मे सरता सरता हे जमतं. ऑगस्टमध्ये, विशेषतः पंधरा तारखेच्या फेर्रागोस्तोच्या सणाच्या आसपास, सगळी इटली समुद्रावर आलेली असते. तेव्हा असा लाड परवडत नाही.

कामोली हे एके काळी शिडाच्या जहाजांचं गाव. इथल्या कप्तानांची जहाजं जगभर फिरत. बंदराच्या कडेने उभी असलेली सहा-सहा, सात-सात मजली घरं पाहून मुंबईच्या माणसालाही मान वर करावी लागते. गेरू, पिवळा, गुलाबी, विटकरी असे रंग, आणि त्या रंगांवर चितारलेल्या कमानी, नक्षीच्या पट्ट्या, खांब, इतकंच काय, खोट्या खिडक्याही. दगडात कोरून घेण्यापेक्षा रंगवून घेणं स्वस्त. हिशेबी म्हणून नावाजलेल्या लिगुरियन माणसाला हे पटलं नसतं तरच नवल. धाकट्याने खऱ्या किती आणि रंगवलेल्या किती हे मोजायला घेतलं. एका खोट्या खिडकीत खोटं मांजर बसलेलं सापडल्यावर त्याने मोजणी सोडून दिली.

आमचं घर अशाच एका इमारतीत होतं. गंमत अशी, की वरच्या रस्त्याने दारातून आत शिरलं, की आपण थेट चौथ्या मजल्यावर असतो. बंदराकडे जायचं तर तिथून खाली उतरायचं. जिना अरुंद, दगडी, पायऱ्यांच्या कडा शतकानुशतकं झिजून गोल झालेल्या. पण खिडकी मात्र फोटोतल्यासारखीच. खाली गोट्यांचा किनारा, त्याला लागून चर्च, आणि डावीकडे हिरवागार पोर्तोफिनोचा डोंगर.

सकाळी फोकाच्चा आणायला मी खाली जात असे. ऑलिव्ह तेलाने न्हालेला, वरून जाडं मीठ भुरभुरलेला हा पाव लिगुरियात भाजतात आणि वजनावर विकतात. दुकानात रांग लावायची पद्धत डोळ्यांना दिसत नाही, पण ती असते. आत येणारा माणूस गुपचूप बघून घेतो की आपल्या आधी कोण, आणि आपली पाळी आली की बरोबर बोलतो. मध्येच तोंड उघडणाऱ्याकडे सगळं दुकान वळून बघतं. शेजारच्या टेबलावर एक आजोबा फोकाच्चाचा तुकडा दुधाळ कॉफीत बुडवून खात होते, आपल्याकडे चहात खारी बुडवतात अगदी तसं. मिठाचा पाव आणि गोड कॉफी हा मेळ सासूबाईंना आधी अधर्म वाटला. दुसऱ्या सकाळी त्यांनीही बुडवला.

बंदरात त्या एकदाच उतरल्या, पण तो तासभर सार्थकी लागला. कामोलीच्या जवळच समुद्रात एक जुनं सापळ्याचं जाळं लावतात, त्याला तोन्नारेल्ला म्हणतात. उन्हाळ्याच्या महिन्यांत ते पाण्यात असतं. मासे किनाऱ्याला समांतर पोहत येतात, जाळ्याच्या भिंतीशी अडतात आणि आतल्या खोलीत शिरतात. होडीतले लोक ते हातांनी ओढतात. धक्क्यावर जाळ्याचा एक तुकडा पडला होता. सासूबाईंनी तो बोटांत चुरडून पाहिला आणि म्हणाल्या, "सुंभ मरे हो!" खरंच, हे जाळं नारळाच्या काथ्याचं विणतात. मोसम संपला की ते समुद्रातच कुजून जातं आणि पुढच्या वर्षी नवं विणलं जातं. ज्या देशात नारळाचं झाड औषधालाही नाही, तिथले कोळी काथ्या विणत बसतात हे पाहून सासूबाईंच्या मनात इटलीची किंमत एकदम वाढली. मग त्यांनी खोक्यातल्या माशांचे कल्ले उघडून बघायला सुरुवात केली, आणि कोळ्याने हसत त्यांना बघू दिलं.

वर चढायला मात्र फार वेळ लागला. प्रत्येक वळणावर थांबून त्या भिंतीला टेकत होत्या. पुढे आम्ही होडीने सान फ्रुत्तुओसोच्या खाडीत गेलो. तिथल्या जुन्या मठाला मोटारीचा रस्ता नाही. एक तर होडीने जायचं, नाहीतर डोंगरातून चालत. मठाच्या कमानीखाली पूर्वी कोळी राहत आणि होड्या ठेवत. समोरच्या पाण्यात सतराएक मीटर खोल 1954 साली ख्रिस्ताचा पुतळा उभा केलेला आहे, हात वर पसरलेला. मुलं पाण्यात डोकं घालून तो दिसतो का बघत होती. सासूबाई कामोलीत खिडकीशी बसून होत्या. संध्याकाळी परत आल्यावर मी विचारलं, दिवस कसा गेला. त्या म्हणाल्या, "हयसून सगळा दिसता गो, पण हात कशाक लावूक गावना नाय."

तक्रारीचा सूर त्यात नव्हता, पण मुक्कामाचा प्रश्न माझ्यापुरता तिथेच निम्मा सुटला. खिडकी सगळ्यांची असते; कोणीही बसावं आणि बघावं. उंबरठा तसा नसतो. तो कोणाला ओलांडता येतो आणि कोणाला नाही, यावर त्या घरातले दिवस ठरतात.

कामोलीहून आगगाडी पूर्वेला निघते ती बोगद्यांतून. जेनोव्हा ते ला स्पेत्सिया हा लोहमार्ग 1874 साली पुरा झाला, आणि त्याआधी या गावांमधली खरी वाट समुद्राचीच होती. आजही प्रवास म्हणजे अंधार, क्षणभर झगझगीत निळं पाणी, पुन्हा अंधार. डब्यातले स्थानिक लोक खिडकीबाहेर बघत नाहीत, पेपर वाचतात. बाहेरचे सगळे फोन उंचावून बसलेले असतात आणि दर वेळी त्यांना बोगद्याच्या काळोखाचा फोटो मिळतो.

सेस्त्री लेवांतेला आम्ही उतरलो ते बाल्कनीच्या आणि समुद्राच्या पक्षाला शेवटची संधी द्यायला. हे गाव जमिनीच्या एका चिंचोळ्या मानेवर वसलेलं आहे. एका बाजूला शांततेची खाडी, दुसऱ्या बाजूला परीकथांची. दुसरीचं नाव हान्स क्रिस्तियान आन्डरसनमुळे पडलं. तो 1833 साली इथे राहून गेला होता. गाव सपाट, बाजाराची गल्ली गजबजलेली, दोन्हीकडे पाणी. म्हटलं तर आमच्या सगळ्या अटी पुऱ्या करणारं. भाडं ऐकून नवऱ्याने समुद्राकडे पाठ फिरवली.

तिथेच आम्हाला इटालियन किनाऱ्याची रीत नीट कळली. परीकथांच्या खाडीवर वाळू दिसतच नाही. दिसतात त्या छत्र्यांच्या सरळ रांगा, एकेका बान्योच्या वेगळ्या रंगाच्या. बान्यो म्हणजे किनाऱ्याचा सरकारकडून वापरायला घेतलेला तुकडा. तिथे छत्री, खुर्च्या, कपडे बदलायची खोली, शॉवर, कॉफी सगळं मिळतं, पैसे मोजून. अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच बान्योत, त्याच रांगेतली तीच छत्री घेतात. पुढच्या रांगेतली जागा जपतात, शेजारच्या छत्रीखालची मुलं आपल्या मुलांबरोबर मोठी होताना बघतात. पाण्याच्या कडेची पाच मीटरची पट्टी मात्र सर्वांना ये-जा करायला मोकळी ठेवावी लागते, आणि मध्येमध्ये फुकटचा किनाराही असतो. बहुधा लहान, बहुधा भरलेला.

वेंगुर्ल्याच्या वाळूत लहानपणी मैलभर धावलेल्या नवऱ्याला हे फार लागलं. "समुद्राला तिकीट?" असं तो दिवसभर म्हणत होता. सासूबाईंचं मत वेगळं पडलं. छत्रीखाली बसलेल्या आज्यांकडे त्या टक लावून बघत होत्या. एक आजी पाण्यातून बाहेर आलेल्या नातवाला ओढून आणत होती, त्याचं ओलं डोकं खसखसा पुसत होती, वारा लागेल म्हणून अंगावर टॉवेल गुंडाळत होती. दुसरी आपल्या नातीला जेवल्यावर लगेच पाण्यात जाऊ देत नव्हती. ती नात तासन् तास काठावर धुसफुसत बसली. हे दोन्ही नियम आमच्या घरातही सासूबाई आयुष्यभर चालवत आल्या आहेत, आणि मुलांनी ते अडाणीपणात काढले आहेत. आता साक्षीला अख्खा किनारा होता. "बघितलास?" एवढंच त्या धाकट्याला म्हणाल्या.

दुपारी जवळच्या रीवा त्रिगोसोत बान्युन खाल्लं. टोमॅटोच्या रश्शात शिजवलेले ताजे अंकोव्ही आणि खाली खलाशांचा कडक बिस्किटपाव. कोळी हे होडीवरच शिजवत. अंकोव्ही हा आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा. सासूबाईंनी काटे वेगळे करत निकाल दिला: मासा उत्तम, कालवण नवशिक्याचं, खोबरं असतं तर वाचलं असतं.

लेवांतोत उतरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो मोकळेपणा. इथे डोंगर जरा मागे सरकले आहेत आणि त्यांनी एक रुंद खोरं सोडलं आहे. वाळूचा लांब किनारा, बागेत पामची झाडं, बाकं, पांढऱ्या-हिरव्या दगडी पट्ट्यांचं तेराव्या शतकातलं सांत आंद्रेआचं चर्च. चिंक्वे तेर्रेची पाच गावं इथून आगगाडीने हाकेच्या अंतरावर, पण लेवांतो त्या पाचांत मोडत नाही. त्यामुळे गर्दी त्याला वळसा घालून पुढे जाते. गावात अजून चपला दुरुस्त करणारा आहे, लोखंडी सामानाचं दुकान आहे, शाळा सुटल्यावर चेंडू खेळणारी पोरं आहेत. मिलान-तोरिनोच्या लोकांची सुट्टीची घरंही बरीच. त्यांच्या बंद झडपांवरून ओळखू येतात.

आम्ही घेतलेल्या घरातून समुद्र दिसत नव्हता. जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलं होतं, आणि बहुधा म्हणूनच ते रिकामं होतं. तळमजला, मागे फरसबंद अंगण, अंगणात लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायची दोरी. मालकीण वरच्या मजल्यावर राहत होती. तिने आमचे पासपोर्ट मागितले तेव्हा सासूबाई बावरल्या. पण पाहुण्यांची नावं पोलिसांना कळवणं इथल्या घरमालकांना बंधनकारक आहे. मग तिने नियम सांगितले. ओला कचरा, प्लॅस्टिक, काच, कागद, प्रत्येकाची वेगळी पिशवी आणि वेगळा वार. किनाऱ्यावरून आलं की अंगणातल्या नळावर पाय धुवायचे. दुपारी जेवणानंतर आवाज नाही. हे सगळं तिने हसू न आणता, थोडं कुरकुरत सांगितलं. लिगुरियन माणसाबद्दल बाकीची इटली हेच म्हणते: पटकन मोकळा होत नाही, आणि कुरकुर हा आपला हक्क मानतो. सासूबाईंना ती पहिल्या भेटीतच आवडली. "आमच्या वाड्यातल्या काकींसारखी," त्या म्हणाल्या.

न्हाणीघरात बिडे होतं, आणि त्याचं आमच्याकडून झालं तेवढं स्वागत त्या वस्तूचं क्वचितच होत असेल. इटलीने 1975 साली सरकारी आदेश काढून घराच्या न्हाणीघरात बिडे असणं सक्तीचं केलं. युरोपात इतरत्र बॅगेतून प्लॅस्टिकचा मग बाळगणाऱ्या मराठी कुटुंबाला या एका आदेशासाठी इटालियन सरकारचे पाय धरावेसे वाटतात.

दुसऱ्या सकाळी मी उठले तेव्हा सासूबाई घरात नव्हत्या. नेसलेलं लुगडं, वर स्वेटर, हातात कापडी पिशवी, आणि त्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे गेल्या होत्या. एकट्या. तिथे एक प्रकरण झालं होतं. त्यांनी सवयीने टोमॅटो दाबून पाहिला आणि भाजीवाला ओरडला. इथे मालाला गिऱ्हाईकाने हात लावायचा नाही. काय हवं ते सांगायचं, निवडून तो देणार. आपल्याकडे न दाबता टोमॅटो घेणारी बाई भोळी ठरते. इथे दाबणारी असभ्य. पण पुढे त्याने खुणेने विचारलं, आज खायचे की उद्या? आजच्यासाठी पिकलेले, उद्यासाठी जरा कडक असे त्याने वेगळे बांधून दिले. सासूबाई घरी आल्या त्या रागावलेल्या, पण टोमॅटो चिरल्यावर राग गेला. त्यानंतर त्या रोज तिथेच जात, हात मागे बांधून उभ्या राहत, आणि बोटाने दाखवत.

तेव्हापासून घराला घरपण आलं. थोरली सायकल भाड्याने घेऊन बोनास्सोलाकडे जाई. लोहमार्ग डोंगरात आत सरकवल्यावर जुन्या मार्गाचे बोगदे रिकामे राहिले, त्यांतून आता फ्रामुरापर्यंत सायकलवाट आहे. थंडगार काळोखातून जाता जाता मध्येच समुद्राची झरोक्यासारखी फट. धाकट्याने शाळेतल्या पोरांच्या चेंडूत शिरकाव करून घेतला. नवरा पेपर न वाचता पेपरवाल्याशी बोलत असे. संध्याकाळी सगळं गाव धुतलेल्या कपड्यांत बाहेर पडतं. कुठेही न जाता समुद्रकाठाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. सासूबाई बागेतल्या बाकावर बसत. त्यांच्या शेजारी रोज एक इटालियन आजी येऊन बसे. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि दोघी अखंड बोलत होत्या. दोघींनी गुडघ्यावर हात ठेवला की विषय कळायचा.

स्वयंपाकघरात बेसिलच्या जुड्या आल्या. जेनोव्हाच्या बेसिलचं पान लहान आणि वास नाजूक. संगमरवरी खलात लसूण, पाइनचे दाणे, चीज आणि तेलाबरोबर तो वाटला की पेस्तो. त्रोफिए नावाच्या पीळदार पास्त्यात इथे बटाटा आणि फरसबीही उकडून घालतात. पास्त्यात बटाटा पाहून सासूबाईंना हायसं वाटलं. फारिनाता तर त्यांनी पाहताक्षणी ओळखली: चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, आणि तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीतला भाजलेपणा. एका संध्याकाळी त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं, घरून आणलेली आमसुलं आणि तिरफळं घालून. वास वर गेला. मालकीण खाली आली. आम्हाला वाटलं, कुरकुर. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं, आमसूल बोटांत धरून हुंगलं, आणि दुसऱ्या दिवशी अंगणातली लिंबं खुडून दाराशी ठेवली. हसली मात्र तेव्हाही नाही.

लेवांतोतून आम्ही पाच गावांना जाऊन येत होतो. मोंतेरोसो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. पाचांची कायमची लोकसंख्या मिळून चार हजारही नाही, आणि दुपारी एकेका गल्लीत तेवढी माणसं उभी असल्यासारखी वाटतात. मोंतेरोसोत कवी एउजेनियो मोंताले याच्या कुटुंबाचं सुट्टीचं घर होतं. जेनोव्हात जन्मलेला हा मुलगा उन्हाळे इथे घालवत वाढला. 1925 साली आलेला त्याचा पहिला संग्रह याच किनाऱ्याच्या उन्हाने, दगडांनी भरलेला आहे, आणि 1975 साली त्याला नोबेल मिळालं. सुट्टीचं घर निवडताना आईवडिलांनी हेही लक्षात ठेवावं असं मी नवऱ्याला म्हटलं. त्याने धाकट्याकडे पाहिलं. तो जेलातोने कोपरापर्यंत माखला होता.

वेर्नात्सा दिसलं आणि नवरा गप्प झाला. संगणकावरचं चित्र खोटं नव्हतं. छोटं बंदर, पाण्याला लागून चर्च, वर बुरूज. पण चित्रात माणसं नव्हती, आणि इथे माणसांतून चित्र शोधावं लागत होतं. गल्लीच्या पायऱ्यांवरून एक कुटुंब मोठमोठ्या बॅगा उचलून चढत होतं. आजोबा मध्येच पायरीवर बसले होते. एका दुकानदाराने आम्हाला भिंतीवर हात लावून 2011 सालच्या 25 ऑक्टोबरचा चिखल कुठपर्यंत आला होता ते दाखवलं. त्या दिवशी काही तासांच्या पावसाने डोंगर खाली आणला. वेर्नात्सा आणि मोंतेरोसो चिखलात बुडाली, माणसं दगावली. कारण मानारोलात गेल्यावर डोळ्यांनी दिसलं. हे सगळे डोंगर माणसांनी शतकानुशतकं चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांनी पायऱ्यापायऱ्यांचे केले, त्यांवर द्राक्षं लावली. बांध पाणी जिरवतो, माती धरून ठेवतो. शेती परवडेना, पोरं शहरात गेली, बांध ढासळले. एक म्हातारा दगडावर दगड बसवत होता. शेजारून द्राक्षं वाहणाऱ्या एकरुळी गाडीचा रूळ डोंगरावर चढत गेला होता. नवऱ्याने म्हाताऱ्याला फोटो काढू का विचारलं, तर त्याने मान हलवून नाही म्हटलं आणि काम चालू ठेवलं. युनेस्कोने 1997 साली हा सगळा किनारा वारसा म्हणून नोंदवला, तो या बांधांसाठीही. लोक मात्र खालची रंगीत घरं बघून परत जातात.

कोर्निल्याला बंदर नाही. गाव कड्यावर, स्टेशन खाली, मध्ये 382 पायऱ्या. मुलांनी त्या पळत चढायचं ठरवलं. सासूबाईंनी स्टेशनबाहेरची छोटी बस पकडली आणि आमच्या आधी वर जाऊन लिंबाच्या सरबताचा पेला हातात घेऊन बसल्या.

त्या संध्याकाळी लेवांतोत परतल्यावर नवरा म्हणाला, "वेर्नात्सा बघायला चांगलं." ते गाव त्याने सोडून दिलं नव्हतं. फक्त त्याला त्याची योग्य जागा दिली होती.

परतीच्या आधी ला स्पेत्सियाच्या आखातात गेलो. लेरीचीजवळ सान तेरेंत्सो नावाचं गाव आहे, आणि तिथे पाण्याच्या कडेला कमानींवर उभं असलेलं पांढरं घर, कासा मान्यी. 1822 च्या उन्हाळ्यात कवी शेली, त्याची बायको मेरी, त्यांचा लहानगा मुलगा आणि मित्र विल्यम्सचं कुटुंब या घरात राहायला आलं. दोन वेगळी घरं मिळेनात, म्हणून दोन संसार एका छताखाली. तळमजल्यात लाटा शिरत. वर समुद्राकडे उघडणारी गच्ची, दिसायला अप्रतिम. शेली खूष होता. त्याला होडी होती. मेरीला ते घर पहिल्यापासून सोसलं नाही. ती गरोदर होती, आणि किराणा आणायला नदीपलीकडच्या सार्झानापर्यंत माणूस धाडावा लागे. जूनमध्ये तिचा गर्भपात झाला आणि ती जेमतेम वाचली. 8 जुलैला लिव्होर्नोहून परतताना वादळात शेली आणि विल्यम्स बुडाले. आज घरासमोरून रस्ता गेला आहे आणि लोक तिथे आइसक्रीम खात फिरतात.

सासूबाईंना मी ही गोष्ट सांगितली. शेली कोण हे त्यांनी विचारलं नाही. घराकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "बाजार खंय होतो?"

वादळाचा दोष मी त्या घरावर टाकणार नाही. पण मेरीच्या जागी उभं राहून त्या गच्चीकडे पाहिलं की कळतं, एकाला जो देखावा वाटतो, तो दुसऱ्याला चार भिंतींइतकाच बंद असू शकतो. आता कोणी ओळखीचं लिगुरियाला निघालं आणि मला घराचे फोटो पाठवून विचारू लागलं, तर मी खिडकीबद्दल बोलत नाही. या किनाऱ्यावर देखावा कुठेही मिळतो. बाकावर मिळतो, आगगाडीत मिळतो, फुकट मिळतो. मी एवढंच विचारते, की घरातलं सर्वांत म्हातारं आणि सर्वांत लहान माणूस त्या दारातून एकट्याने निघालं, तर कुठवर जाऊन परत येईल. उत्तर भाजीवाल्यापर्यंत आणि चेंडूपर्यंत असेल, तर पैसे भरून टाका.